पाण्यावर खूण राहत नाही



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षं बसलो. गणित चुकलं की ते छडी शोधत नसत. पाटी पुढे ओढून म्हणायचे, "कुठल्या पायरीवर घसरलास, ते दाखव." तेव्हा छडी परवडली असं वाटायचं, कारण पायरी शोधायला डोकं चालवावं लागे. आज मी जे सांगणार आहे, ते या एका वाक्याच्या पुढे फारसं जाणार नाही.

विषय कळवला तेव्हा इथल्या एका तरुण कार्यकर्त्यानं फोनवर विचारलं, "हेलिकॉप्टरचा अपघात, तोही समुद्रातला आणि ध्रुवावरचा. भिवंडीत कोण ऐकणार?" मी म्हटलं, यंत्राच्या खडखडाटात ज्यांना झोप लागते आणि यंत्र थांबलं की जाग येते, त्या गावाला हा विषय नाही कळणार तर कोणाला कळणार?

माझे वडील जॉबर होते, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त ठेवणारे. मी सातवीत असेन. डबा द्यायला कारखान्यात गेलो होतो, तेवढ्यात एका मागाचा धोटा उडाला. तुमच्यापैकी ज्यांनी ते पाहिलंय त्यांना सांगायला नको. लाकडाचा, दोन्ही टोकांना पोलादी अणी असलेला तो धोटा गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. त्या दिवशी तो कारागिराच्या कानाजवळून गेला आणि भिंतीचा गिलावा पाडून खाली आला. शेठ धावत आले. त्यांचा पहिला प्रश्न, "मागावर कोण होता?" वडील तोवर धोटा उजेडात धरून त्याची अणी बघत होते. मग त्यांनी धोट्याला ठोकर देणारा पिकर चाचपला, धोट्याच्या पेटीची पकड दाबून पाहिली, ताण्यात तुटका धागा कुठे लोंबतोय का ते पाहिलं, आणि शेवटी माग हातानं फिरवून धोटा सुटायची वेळ तपासली. अर्ध्या तासानं म्हणाले, "पिकर झिजलाय, आणि तुटका धागा आडवा आला. एकट्या पिकरनं उडाला नसता, एकट्या धाग्यानंही नसता."

पुढे मी विमानांच्या देखभालीचं शिक्षण घेतलं आणि नोकरीची बरीच वर्षं जुहूला हेलिकॉप्टरांवर काढली. अपघाताच्या तपासाचे जाडजूड अहवाल वाचले, चर्चा ऐकल्या. खरं सांगतो, त्या अर्ध्या तासात वडिलांनी जे केलं, त्याहून वेगळं तत्त्व मला कुठल्याच अहवालात सापडलं नाही.

जुहू म्हटलं की आपल्याला चौपाटी आठवते. पण जुहूचा विमानतळ 1928 चा, देशातल्या नागरी विमानवाहतुकीचं आद्यपीठ. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल आणलं ते इथंच. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजानं मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, भर समुद्रात तेल शोधलं. तेव्हापासून बॉम्बे हाय हे आपल्या दारातलं, पण दिसत नसलेलं गाव झालं. तिथे माणसं राहतात, स्वयंपाक होतो, पाळ्या बदलतात. आणि पाळी बदलायला माणसं जातात ती मुख्यतः जुहूहून उडणाऱ्या हेलिकॉप्टरनं. आपण कल्याणला एसटीनं जातो तशी.

या वाटेवर माणसं दगावलीही आहेत. 11 ऑगस्ट 2003 रोजी ऐन पावसाळ्यात तेलकंपनी ओएनजीसीच्या कामावरचं एमआय-172 हेलिकॉप्टर समुद्रात पडलं, 27 जणांचा बळी गेला. 4 नोव्हेंबर 2015 रोजी रात्रीच्या उड्डाणाच्या सरावात पवनहंस कंपनीचं डॉफिन हेलिकॉप्टर पडलं, दोन वैमानिक गेले. 13 जानेवारी 2018 रोजी सकाळी जुहूहून निघालेलं दुसरं डॉफिन थोड्याच वेळात संपर्काबाहेर गेलं. दोन वैमानिक आणि ओएनजीसीचे पाच अधिकारी, सातही जण गेले. अवशेष मिळाले ते डहाणूच्या बाजूच्या समुद्रात. आणि 28 जून 2022 रोजी सिकोर्स्की एस-76डी हे नवं हेलिकॉप्टर ‘सागर किरण’ रिगजवळ पाण्यात उतरलं. नऊ जणांपैकी पाच वाचले, चार वाचले नाहीत.

आता तपास करणाऱ्याच्या जागी उभे राहा. रस्त्यावर ट्रक उलटला तर टायरचे व्रण राहतात, काचा राहतात, पानवाला साक्षीदार असतो. समुद्रावर काय राहतं? तेलाचा तवंग, तरंगणारं एखादं दार, एक जॅकेट. त्याही वस्तू जिथे अपघात झाला तिथे राहत नाहीत. प्रवाह आणि वारा त्यांना नेतात. कोळ्यांच्या पोराला हे शिकवावं लागत नाही: वस्तू सापडली ती जागा आणि वस्तू पडली ती जागा, यात भरती-ओहोटीचं गणित असतं. पाण्यावर खूण राहत नाही म्हणतात ते खरं आहे. म्हणून खूण शोधायला पाण्याखाली जावं लागतं.

खाली एक पेटी असते. तिला ब्लॅक बॉक्स म्हणतात, पण रंग भडक नारिंगी, म्हणजे गाळात दिसावी. वैमानिकांच्या खोलीतला आवाज आणि यंत्राची आकडेवारी तिच्यात नोंदलेली असते. पाणी लागताच तिच्यावरचा छोटा ध्वनिप्रक्षेपक सेकंदाला एकदा हाक मारू लागतो, 37.5 किलोहर्ट्झच्या आवाजात. माणसाच्या कानाला 20 किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, त्यामुळे ती हाक ऐकायला पाण्यात यंत्राचा कान सोडावा लागतो. पूर्वी ही हाक 30 दिवस चालायची. 2009 मध्ये एअर फ्रान्सचं विमान अटलांटिकमध्ये बुडालं, महिनाभरात पेटी सापडली नाही, आणि मग जगानं मुदत वाढवून 90 दिवसांची केली.

पेटी वर आली की पहिलं काम काय, माहीत आहे? ती गोड्या पाण्यात बुडवून ठेवायची. नातेवाईक काठावर उभे असतात, कॅमेरे रोखलेले असतात, सगळ्यांना वाटतं पेटी आत्ताच उघडावी. पण खारं पाणी वाळलं आणि हवा लागली की धातू गंजायला सुरुवात होते. म्हणून ती स्वच्छ पाण्याच्या डब्यातच प्रयोगशाळेपर्यंत जाते. तपासातला पहिला धडा हा धीराचा आहे.

त्या ध्वनिफितीत लोक वैमानिकाचे शेवटचे शब्द शोधतात. तपास करणारे शब्दांच्या मागचा आवाज ऐकतात. रोटरचा एक सूर असतो, गिअरबॉक्समधल्या प्रत्येक चक्राच्या दातांचा आपापला सूर असतो. सूर उतरला तर फेरे कमी झाले, नवा सूर आला तर काहीतरी घासतंय. भिवंडीतला जुना जॉबर चाळीस माग चालू असताना डोळे मिटून सांगतो, "तो खिडकीकडचा माग बोलतोय." अगदी तेच.

मग येतात तुटलेले तुकडे. धातू दोन तऱ्हांनी तुटतो. एका झटक्यात तुटला तर तोंड खडबडीत, दाणेदार. थकून तुटला, म्हणजे बारीक चीर पडून महिनोन्महिने वाढत गेली, तर तुटलेल्या तोंडावर एकामागून एक कमानदार रेषा दिसतात, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा. इंग्रजीतही त्यांना किनाऱ्याच्याच नावानं ओळखतात. त्या रेषा दिसल्या की कळतं, हा तुकडा अपघातामुळे तुटलेला नाही. त्याच्या तुटण्यामुळे अपघात झाला असू शकतो. जुन्या हेलिकॉप्टरात इशाऱ्याचे छोटे बल्ब असत, तेही साक्ष देतात. आदळण्याच्या क्षणी बल्ब पेटलेला असेल तर आतली तापलेली तार मऊ असते, ती लांब ताणली जाते. विझलेला असेल तर तार तशीच राहते किंवा तटकन तुटते. म्हणजे माणसं गेल्यावरही, शेवटच्या क्षणी वैमानिकासमोर कोणता लाल दिवा लागला होता, हे केसाएवढी तार सांगू शकते.

आपल्याकडे समुद्र आहे, तर जगाच्या टोकांना बर्फ आहे. तिथेही खूण राहत नाही. भारताची मैत्री आणि भारती ही संशोधनकेंद्रं अंटार्क्टिकात आहेत, त्यांचा कारभार चालतो तो आपल्या शेजारच्या गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन संस्थेतून. त्या प्रदेशात हेलिकॉप्टर म्हणजे बैलगाडी; त्यावाचून जहाजावरचं सामान पुढे सरकत नाही. आणि तिथला सगळ्यात मोठा शत्रू थंडी नसून प्रकाश असतो. खाली पांढरं, वर पांढरं, सावली नाही, क्षितिज नाही. दुधाच्या पातेल्यात बसल्यासारखं. आपण सरळ आहोत की कलतोय, वर चाललोय की खाली, हे डोळा सांगत नाही आणि कानातला तोल खोटं सांगतो.

9 सप्टेंबर 2013 रोजी कॅनडाच्या उत्तरेला, आर्क्टिकमधल्या मॅक्ल्यूर सामुद्रधुनीत, ‘अमुंडसेन’ या बर्फफोड्या जहाजावरचं छोटं हेलिकॉप्टर बर्फाची पाहणी करून परतत होतं. त्यात जहाजाचा कप्तान, एक शास्त्रज्ञ आणि वैमानिक होते. जहाजापासून काही किलोमीटरवर ते समुद्रात पडलं. तिघंही गेले. हेलिकॉप्टर चारशे मीटरहून खोल बुडालं होतं. तेवढ्या दुर्गम, गोठत चाललेल्या समुद्रातून ते वर काढण्यात आलं. पण इतक्या लहान हेलिकॉप्टरवर नोंदपेटी नव्हती, आणि नियमानं ती असावी अशी सक्तीही नव्हती. तपास यंत्रणेनं मग प्रश्नाची कक्षा वाढवली. पडलं का, एवढ्यावर न थांबता विचारलं: पडल्यावर जहाजाला कळलं केव्हा? परतायची वेळ टळली तेव्हा कोण घड्याळ बघत होतं? थंड पाण्यात तगण्याचे पोशाख नीट घातलेले होते का? वैमानिकाची चूक मोजून फाइल मिटवली असती, तर हे तीन प्रश्न कोणी विचारलेच नसते.

प्रश्न चुकला तर उत्तर कसं चुकतं, याचं उदाहरण विमानाचं आहे, पण ध्रुवाचंच आहे. 28 नोव्हेंबर 1979. एअर न्यूझीलंडचं डीसी-10 विमान प्रवाशांना अंटार्क्टिका दाखवायला निघालं आणि एरेबस या ज्वालामुखी पर्वताच्या उतारावर आदळलं. 257 जण, कोणी वाचलं नाही. त्या बर्फात तपासपथकाला मिळालेल्या साक्षींत मृत प्रवाशांच्या कॅमेऱ्यांमधले फोटोही होते. ते धुतले तेव्हा दिसलं की ढगाखाली हवा स्वच्छ होती, दूरचं दिसत होतं. म्हणजे वैमानिक आंधळेपणानं ढगात शिरला नव्हता. पहिल्या अहवालानं तरीही ठपका ठेवला तो वैमानिकांवर: इतकं खाली यायला नको होतं. 1981 मध्ये न्यायमूर्ती पीटर महोन यांच्या चौकशी आयोगानं वेगळी पायरी दाखवली. उड्डाणाआधी कंपनीच्या कार्यालयात संगणकातल्या मार्गाचे आकडे बदलले गेले होते आणि वैमानिकांना ते कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटत होतं आपण सपाट सामुद्रधुनीवरून चाललोय. संगणक त्यांना थेट पर्वतावर नेत होता. समोरचा पांढरा उतार ढगाळ प्रकाशात सपाट मैदानासारखा दिसत होता. या दोन अहवालांवरून न्यूझीलंड कित्येक वर्षं भांडला. 2019 मध्ये, चाळीस वर्षांनी, पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी सरकारच्या वतीनं कुटुंबीयांची जाहीर माफी मागितली. मेलेल्या वैमानिकाला उत्तर देता येत नाही, म्हणून त्याच्यावर दोष टाकणं सोपं असतं. चाळीस वर्षांनी का होईना, ते महाग पडतं.

आपल्या जवळचं उदाहरण 2 सप्टेंबर 2009 चं. आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचं हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात कोसळलं. चौकशी समितीनं ध्वनिफीत ऐकली तेव्हा कळलं की गिअरबॉक्सच्या तेलाचा इशारा लागल्यावर दोघे वैमानिक कित्येक मिनिटं पुस्तिकेत त्याचं पान शोधत होते. तेवढ्यात हेलिकॉप्टर पावसाळी ढगात शिरलं आणि खाली ओढणाऱ्या जबर झोतात सापडलं. तेलाच्या इशाऱ्यानं हेलिकॉप्टर पडलं नाही. पान शोधण्यात मान खाली राहिली आणि ढग आला. पिकर आणि धागा. एकट्यानं धोटा उडत नाही.

आणि काही वेळा खरोखर यंत्रच दगा देतं. 29 एप्रिल 2016 रोजी नॉर्वेत तुरॉय बेटाजवळ तेलकामगारांना घेऊन परतणाऱ्या हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर हवेतच निखळला. 13 जण गेले. तिथल्या तपासकांनी समुद्रतळ चुंबकानं धुंडाळला, गिअरबॉक्समधल्या एका दातेरी चक्राचे तुकडे गोळा केले, जुळवले, आणि चीर कुठून सुरू झाली ते दाखवलं. 2009 मध्ये स्कॉटलंडजवळ 16 बळी घेणाऱ्या अपघातातही असंच चक्र फुटलं होतं. पहिल्या वेळचा धडा अर्धवट शिकला, की दुसऱ्या वेळी शिकवणी महाग असते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीच्या करारात अपघात तपासाचं एक परिशिष्ट आहे, तेरावं. त्यात तपासाचा उद्देश एकच सांगितला आहे: पुन्हा असा अपघात होऊ नये. दोष किंवा जबाबदारी वाटून देणं हे या तपासाचं काम नव्हे. भारतानं 2012 मध्ये यासाठी वेगळा विभाग उभारला, म्हणजे नियम करणारा आणि चूक शोधणारा एकच माणूस नको. तुम्ही म्हणाल, मग गुन्हेगार मोकळा सोडायचा का? अजिबात नाही. पोलीस आहेत, न्यायालय आहे, त्यांनी आपलं काम करावं. पण दोन कामं एकाच टेबलावर ठेवली की काय होतं, तुम्हाला माहीत आहे. शेठनं "मागावर कोण होता?" विचारलं की कारखान्यात कोणी काही पाहिलेलं नसतं.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका रात्रपाळीत माझी छोटी बॅटरी हेलिकॉप्टरच्या रोटरखालच्या कप्प्यात राहिली. पहाटे हत्यारं मोजताना ध्यानात आलं. यंत्र अजून जमिनीवर होतं. पोटात गोळा आला. गप्प राहून हळूच काढून घेता आली असती. मी साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही. उड्डाण थांबवलं, बॅटरी काढली, आणि आठवड्याभरात हत्यारांची फळी बदलली: प्रत्येक हत्याराच्या मागे त्याच्या आकाराची काळी छाया रंगवली, म्हणजे जागा रिकामी असली की लांबूनही दिसावी. साहेब ओरडले असते, तर पुढचा माणूस गप्प बसला असता.

‘सागर किरण’जवळच्या 2022 च्या अपघाताकडे मला याच नजरेनं बघावंसं वाटतं. हेलिकॉप्टरचं इंजिन आणि गिअरबॉक्स वरच्या बाजूला असतात, म्हणून पाण्यात पडलं की ते उलटतं. त्यासाठी बाजूला फुगणारे तरंगते फुगे असतात. त्या दिवशी ते फुगले. शिवाय तेलक्षेत्रावर जाणाऱ्याला बनावट केबिनमध्ये बांधून पाण्यात उलटं करतात आणि शिकवतात: एक हात खिडकीच्या कडेला, एक पट्ट्यावर, हालचाल थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. उलट्या पाण्यात वर-खाली कळत नाही. हातातली कड तेवढी खरी असते. फेब्रुवारी 2024 मध्ये ओएनजीसीनं गोव्यात याच प्रशिक्षणासाठी मोठं केंद्र सुरू केलं. बर्फात असो वा समुद्रात, डोळे फसवतात तेव्हा आधी घालून घेतलेली सवय वाचवते.

आता घरी, भिवंडीत येतो. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमध्ये तीन मजली इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. तीसहून अधिक माणसं गेली. आपल्यापैकी काही जण त्या पहाटे ढिगाऱ्यावर होते. गुन्हा दाखल झाला, व्हायलाच हवा होता. पण मला सांगा, कोणता खांब आधी दबला, पाणी कुठून मुरत होतं, आदल्या दिवशी कोणाला तडा दिसला आणि त्यानं तो कोणाला सांगितला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आरोपीचं नाव लक्षात राहिलं, पायरी लक्षात राहिली नाही. आणि शेजारच्या इमारतीला उपयोग होतो तो पायरीचा.

आपल्या बोलण्यात एक शब्द फार आहे: ‘थोडक्यात वाचलो’. धोटा कानाजवळून गेला, थोडक्यात वाचलो. गोदामात ठिणगी पडली, पायानं विझवली. लिफ्टची दोरी अर्धी तुटली होती, बरं झालं कोणी नव्हतं. आपण देवाला नारळ फोडतो आणि विसरतो. विमानाच्या जगात या प्रसंगांची अपघाताइतकीच काळजीपूर्वक नोंद होते, कारण तो फुकट मिळालेला अहवाल असतो. माणूस जिवंत आहे, यंत्र जागेवर आहे, खूण अजून पुसलेली नाही.

म्हणून भिवंडीकरांना एकच विनंती करतो. उद्या कारखान्यात, गोदामात, सोसायटीत जाल तेव्हा एक शंभर पानी वही घेऊन जा आणि दाराजवळ खिळ्याला टांगा. ‘थोडक्यात वाचलो’ असं कोणीही म्हटलं की त्यात लिहायचं: तारीख, वेळ, मागाचा नंबर, काय झालं. लिहिणाऱ्याचं नाव नको, चुकणाऱ्याचंही नको. ज्याला लिहिता येत नाही त्याचं दुसऱ्यानं ऐकून लिहावं. दर शनिवारी जॉबरनं, वायरमननं किंवा मुकादमानं ती वाचावी, आणि ज्या ओळीवर काम झालं तिच्यापुढे खूण करावी. वर्षभरानं ज्या पानांवर खुणा नसतील, ती पानं घेऊन पुढच्या व्याख्यानमालेला या. तेव्हा वक्ता नको, आपण ती वहीच वाचू.